आधी नील, मग हॅवलॉक

हात वर धरूनच शिवकन्येनं विचारलं, "काकू, स्वराज द्वीपला किती दिवस ठेवावेत अन् शहीद द्वीपला किती?"

प्रयाग तिच्या ब्लाउजचं माप घेत होती. टेप पाठीमागून फिरवून पुढं आणलेली, दोन्ही टोकं चिमटीत जुळत आलेली. मुकुंदवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीन आणि कापडांच्या ढिगांमध्ये, ही पोरगी हात पसरून उभी होती. प्रयागचा पुतण्या केरबा, त्याची ती होणारी बायको, गंगापूरची. दोन आठवड्यांनी याच घरात सून म्हणून येणार होती. बस्त्यासाठी आईबरोबर आली होती आणि आई आत केरबाच्या आईशी बोलत बसली होती. "कुठले द्वीप?" प्रयागनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "अहो, अंदमानचे! आधी हॅवलॉक अन् नील म्हणायचे ना, तेच. नावं बदललीत आता, आपल्या शहरासारखी," शिवकन्या हसली. "हे म्हणले, काकूला विचार, काका-काकू जाऊन आलेत तिकडं. एजंट म्हणतोय, हॅवलॉकला तीन रात्री अन् नीलला एक. मला तर काहीच कळंना."

चिमटीतलं माप सुटलं. टेप घसरून पायाशी पडली. प्रयाग ती उचलायला वाकली आणि वाकलेली असतानाच तिच्या तोंडून गेलं, "नील आधी करा."

"आधी?"

"व्हय. दिवस किती ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी नील, मग हॅवलॉक."

ती उभी राहिली तेव्हा दारात कल्याण दिसला. तिचा नवरा. पहिली पाळी सुटून शेंद्र्याहून तेवढ्यात आला होता. एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती आणि तो तसाच वाकून थांबला होता. त्यानं मान वर केली नाही. मग नाडी सोडली, बूट कोपऱ्यात लावला आणि आत गेला. नळाचा आवाज आला. हातपाय धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो आवाज येत राहिला. शिवकन्येनं पुन्हा हात वर केले. प्रयागनं छाती पुन्हा मोजली, आकडा लिहिला आणि लिहून झाल्यावर तिला आठवेना की आपण खरंच मोजलं की अंदाजानं लिहिलं.

हाच प्रश्न तिला सोळा वर्षांपूर्वी कल्याणनं विचारला होता. तेव्हा ती देवगाव रंगारीला माहेरी होती. साखरपुडा झालेला, लग्न तोंडावर आलेलं. फोनला रेंज फक्त घराच्या छतावर, धाब्यावर यायची, तीही पाण्याच्या टाकीला खेटून उभं राहिलं तर. खाली घरात तेरा-चौदा माणसं. न्हाणीत गेलं तरी कुणीतरी बाहेरून हाक मारणारच, असं ते घर. कल्याण शहरातल्या कुठल्याशा ट्रॅव्हलच्या हापिसातून बोलत होता आणि त्याच्या मागं कुणाचा तरी पंखा खडखडत होता. "इथला माणूस विचारतोय, कोणत्या बेटावर किती दिवस?" तो म्हणाला. त्यांचं असं एकमेकांशी बोलणं तोवर जेमतेम दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा तब्येतीपलीकडं गेलं नव्हतं. प्रयागनं बेट फक्त भूगोलाच्या पुस्तकात बघितलेलं. तिनं विचारलं, "दोन्हींत फरक काय?" त्यानं त्या माणसाला विचारलं आणि तिला सांगितलं, "पहिल्यात बघायला लई हाय म्हणतो. बोटी, पाण्याखाली जायचं, हॉटेलं. दुसऱ्यात काय नाय. बारकं हाय. झाडं अन् पाणी." टाकीच्या गार सिमेंटला पाठ लावून प्रयाग म्हणाली, "मग दुसऱ्यात जास्त." पलीकडं तो हसला. मोकळा, तोंड फोनपासून न वळवता. "काय नाय तिथं जास्त?" "व्हय." अक्षता, हळद, सप्तपदी हे सगळं नंतर रीतसर झालं, पण प्रयागला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की तिचं लग्न त्या हसण्याला लागलं. तिला कुणी विचारलं नाही.

रेल्वे, विमान, परत विमान, मग बोट. कल्याणच्या घराण्यात मेंढरं होती, शेंद्र्याच्या बाजूला जमीन होती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मेंढरं विकली, दोघं भाऊ कंपन्यांत लागले. त्या घरातलं कुणी कधी असं फिरायला गेलं नव्हतं. "जा रं, बघून या. मी हाय इथं," असं थोरला भाऊ भिकन म्हणाला म्हणून ते निघाले. हॅवलॉकच्या वाळूवर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा कल्याण बराच वेळ समुद्राकडं बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी अन् तोंडात घेता येत नाय. मेंढरं येडी झाली असती." प्रयाग पदराआड हसली. गुलमंडीवर चोरून घेतलेला सलवार-कुर्ता तिनं बॅगेत साड्यांच्या तळाशी ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी घातला. कल्याणनं बघितलं आणि चालताना तिच्या बाजूला आला. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून ते चालायचे. तिथं त्यांच्यासारखी पुष्कळ जोडपी होती, कोपरापर्यंत लाल चुडे घातलेल्या बायका, पाण्यात एकमेकांना उचलून घेणारे नवरे, "सर, इधर देखो, मॅडम को पकडो" म्हणणारे फोटोवाले. त्या गर्दीत दोघं अवघडून गेले. एकदा लाट जरा मोठी आली आणि तिनं त्याची बाही पकडली. लाट गेली तरी बोटं थोडा वेळ तिथंच राहिली. बस्, एवढंच. खोलीत टॉवेलाची घडी घालताना कल्याण तिच्याकडं न बघता म्हणाला होता, "घाई नाय. तिकडं निवांत." त्याचे कान लाल झाले होते. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी आपल्याला घरी जेवायला बोलावलं आहे आणि आपण कपडे करून बसलो आहोत, तसं वाटलं. शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या नारळवाल्यानं बोट करून दाखवलं, पाण्याच्या टोकाला एक काळी रेघ होती. "वो नील." दोघं अंधार पडेपर्यंत रेघेकडं बघत बसले. बोलायचं ते सगळं तिकडं होतं.

सकाळी धक्क्यावर बोट लागलेली होती. बॅगा पायाशी, तिकिटं कल्याणच्या वरच्या खिशात. त्याचा फोन वाजला तेव्हा तो रेंज शोधत जरा पुढं गेला, त्यामुळं प्रयागला फक्त त्याची पाठ दिसली. नवा शर्ट, पाकिटातल्या घडीच्या रेषा अजून न मोडलेल्या. "व्हय... व्हय... कव्हा?" ती पाठ काही हलली नाही, पण शर्टाच्या त्या रेषा एकाएकी सैल पडल्यासारख्या झाल्या. तो वळला आणि म्हणाला, "दादा गेला." जालना रोडवर, पाळी करून येताना, ट्रकखाली. बोटीवर माणसं चढत होती. आदल्या दिवशी ओळख झालेली एक चुड्यातली पोरगी वरून ओरडली, "भाभी, आप नहीं आ रहे?" प्रयागनं मान हलवली. बोट सुटली. हे दोघं दुपारच्या दुसऱ्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला निघाले, आणि तिथून ती रेघ कितीतरी वेळ दिसत राहिली. कल्याण डोकं गुडघ्यात घालून बसला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं प्रयागला वाटत होतं आणि त्याच वेळी तिचे डोळे त्या रेघेवर होते. घरात माणूस गेलं आहे आणि आपण हे काय बघत आहोत? तिनं मान फिरवली. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं.

घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बायकांनी भरलेल्या खोलीत प्रयाग आली, हातावर मेंदी, मनगटभर हिरव्या बांगड्या. समोर भिंतीला टेकून तिची जाऊ, वच्छला अक्का. मोकळे हात. कपाळ पुसलेलं. मांडीवर आठ वर्षांचा केरबा निजलेला. प्रयागनं हात पदरात ओढून घेतले. कोपऱ्यातून एक चुलतसासू पुटपुटली, "नव्या नवरीचा पायगुण, दुसरं काय." त्यावर अक्काच बोलली होती, तीन दिवसांत पहिल्यांदा, रडून बसलेल्या घोगऱ्या आवाजात: "तिला काय बी बोलू नका." पुढं दोघांसाठी रंगवून ठेवलेली खोली अक्का आणि पोराला दिली, ती प्रयागनं स्वतःहून दिली. कल्याण पुरुषांत ओसरीवर झोपायचा, ती बायकांत. असे पुष्कळ महिने गेले. मग एकदा कधीतरी, आजारी सासूला दवाखान्यात ठेवलेलं असताना, घर रिकामं सापडलं आणि नवरा-बायको झाले, घाईत, कडीवर एक कान ठेवून. त्या घाईतून पुढं लेक झाली. आता ती नववीला होती, आणि लग्नाच्या गडबडीत अभ्यास बुडू नये म्हणून देवगावला मामाकडं धाडलेली होती.

प्रयाग दुःखी होती असं नाही. कल्याणसारखा माणूस शोधून मिळाला नसता. भावाच्या जागी उभा राहिला तो राहिलाच. केरबाच्या शाळेत बापाच्या रकान्यापुढं सही यानं केली, अक्काला परकं वाटेल असं एक वाक्य या घरात कधी बोलला नाही, बायकोला मशीन घेऊन दिली. दोघं एकमेकांशी नीट बोलायचे. सिलिंडर, शाळेची फी, सासूच्या गोळ्या. पण मशीन चालवताना, लांब सरळ शिवण असली की, प्रयागचं मन जायचं. पाय पायडलवर, कापड बोटांखालून सरकतंय, आणि ती बोटीतून उतरते आहे. ते बेट तिनं इतक्या वर्षांत हळूहळू वसवलं होतं. धक्क्यावर कुणी नाही. पुढं एक मातीचा रस्ता. झाडं फार उंच, त्यांच्याखाली गार. पाणी इतकं स्वस्थ की त्याला आवाजच नाही. आणि कल्याण तिच्या पुढं चार पावलांवर, त्या घडीच्या रेषांच्या शर्टात. आता वळणार आणि हसणार, फोनवर हसला होता तसा. तो वळायच्या आत शिवण संपायची. लेकीच्या मोबाईलवर त्या बेटाचे फोटो मिनिटभरात सापडले असते, हे तिला ठाऊक होतं. तिनं कधी बघितले नाहीत. टीव्हीवर समुद्र आला तरी ती काहीतरी आणायला म्हणून आत जायची. तिला अंदमानला जायचं नव्हतं. तिला तो माणूस वळायला हवा होता. आणि त्याहूनही आतली, कुणाला न सांगता येण्यासारखी गोष्ट म्हणजे हिशेब दिवसांचा चुकला नव्हता, क्रम चुकला होता. आधी नील म्हणाले असते तर? भिकनदादा गेला असताच, फोन आलाच असता. पण तो वळून झालेला असता. जिच्या नवऱ्याला ट्रकनं नेलं ती बाई शेजारच्या खोलीत पोराचा डबा भरत असताना आपण बोटीचा क्रम लावत बसतो, याची तिला लाज वाटायची आणि लाज वाटून झाल्यावर ती पुन्हा क्रम लावायची.

शिवकन्येचं माप घेतलं त्या रात्रीच केरबानं जेवताना सांगितलं होतं, "काकू, आता नाय बदलता येत. बोटीची तिकिटं तशीच निघालीत. पण नीलला एक रात्र वाढवली, तुमचं ऐकून." कल्याण ताटाकडं बघत जेवत होता. "बरं झालं," तो म्हणाला. एवढंच.

लग्न झालं. पोरं चिकलठाण्याहून विमानात बसली. घर एकदम मोठं आणि पसाऱ्याचं झालं. आणि चौथ्या दिवशी दुपारी सासू, बानाबाई, न्हाणीत पाय घसरून पडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलत होता: ऑपरेशन उद्या सकाळी करावं लागेल, न करून चालणार नाही, वय फार आहे, हृदय कमजोर आहे, भूल सोसेल असं खात्रीनं सांगता येत नाही. "जवळचं कुणी बाहेर असेल तर बोलावून घ्या," असं म्हणून तो दुसऱ्या खाटेकडं गेला. बाहेर बाकड्यावर वच्छला अक्का सासूची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सहा वाजून गेले होते, काचेतून रस्त्यावरचं पिवळं ऊन आत आलेलं. कल्याणनं खिशातून फोन काढला.

"केरबाला सांगतो. सकाळची बोट धरली पोर्ट ब्लेअरची, तर परवापर्यंत येतील."

"नका करू," प्रयाग म्हणाली.

"काय?"

"त्याला फोन नका करू."

कल्याण तिच्याकडं बघत राहिला. "डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं ना तू? आजी हाय त्याची. लहानपणी हिच्या कुशीत झोपलेलं पोरगं ते. उद्या काय कमी-जास्त झालं तर मला विचारंल, काका, मला का नाय सांगितलं? काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणा, काकूनं करू दिला नाय."

"येडी झाली का तू? कशापायी पण?"

इतक्या वर्षांत या घरात तिनं कुठल्याही गोष्टीला असा आडवा हात घातलेला नव्हता. सांगायला तिच्याजवळ काहीच नव्हतं, जे होतं ते या बाकड्यांच्या, औषधांच्या वासाच्या जागेत बोलण्यासारखं नव्हतं. "उद्या सकाळी ते नीलला चाललेत," ती म्हणाली. तिला एवढंच बोलता आलं.

कल्याणचा अंगठा फोनवर होता, तो तिथंच राहिला.

"भाऊजी," अक्का बाकड्यावरून म्हणाली, "फोन ठिवा खिशात."

"वैनी, तुम्ही तरी—"

"पोरगं माझं हाय. त्यानं जाब विचारला तर मी बघीन." अक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "एकदा दोघांना असंच बोलवून घेतलंय या घरानं. तव्हा मला कायच दिसत नव्हतं, डोळ्याम्होरं सगळा अंधार. पर तुमची दोघांची तोंडं दिसली व्हती. अजून दिसत्यात." ती थांबली. "ठिवा म्हणते ना."

कल्याणनं फोन ठेवला. तो काचेपाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभा राहिला. प्रयाग आत सासूजवळ गेली. बानाबाईला ग्लानी होती, मधूनच डोळे उघडून तिनं विचारलं, "केरबा आला का?" प्रयाग म्हणाली, "येतोय, आत्याबाई." म्हातारीनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. तो हलका, हाडांचा हात आपल्या हातात घेऊन प्रयाग बसून राहिली आणि तिला भीती वाटत गेली. हे आपण कुणासाठी केलं? त्या पोरांसाठी, की धाब्यावर टाकीला टेकून उभ्या असलेल्या एका पोरीसाठी? उद्या ही गेली तर एका म्हातारीची शेवटची इच्छा आपण आपल्या हौसेपायी मोडली असं होईल, आणि ते खरंच असेल. केरबा आयुष्यभर आपल्याकडं कसा बघेल? तिनं दोनदा उठून कल्याणला "करा फोन" असं सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळा हात सोडवता आला नाही, की सोडवायचा नव्हता, हे तिला कळलं नाही.

सकाळी बानाबाईला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. रात्रभर बसलेली अक्का आंघोळ करून डबा घेऊन येते म्हणून घरी गेली. बाकड्यावर प्रयाग आणि कल्याण दोघंच उरले, मध्ये पाण्याची बाटली. आता बोट सुटली असेल, प्रयागच्या मनात आलं. कल्याणनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं तेव्हा तिला वाटलं, त्याच्याही मनात तेच आलं असावं. मग वाटलं, नाही, तो ऑपरेशनची वेळ बघतोय.

"तिकडं मी सायकली सांगून ठेवल्या व्हत्या," कल्याण म्हणाला.

"कुठं?"

"नीलला." तो समोरच्या भिंतीशी बोलत होता. "हॉटेलवाल्याला फोन केला व्हता, आपण निघायच्या आधीच. म्हणलो, दोन सायकली पाहिजेत, एक लेडीज. तो बंगाली माणूस, हिंदी धड येईना त्याला अन् मला. लेडीज म्हणजे काय ते सांगता सांगता घाम आला. मधली दांडी नाय ती, म्हणलो. मग कळलं त्याला."

इतक्या वर्षांत तिनं त्या बेटावर झाडं लावली होती, रस्ता केला होता, आणि या माणसानं तिथं आधीच जाऊन सायकली उभ्या केल्या होत्या आणि त्या तशाच उभ्या राहिल्या होत्या. आपण एकटीच तिथं जातो असं तिला वाटायचं. "मला सायकल येत नाय," ती शेवटी म्हणाली.

"नाय येत?"

"नाय. कधीच नव्हती येत."

कल्याणनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती, मिश्यांत पांढरं आलं होतं. "मग शिकवली असती," तो म्हणाला. "दिवस व्हते की भरपूर. दुसरं काय करायचं व्हतं तिथं?"

आणि त्यानं पाण्याची बाटली उचलून पलीकडं ठेवली. मध्ये जागा झाली, पण तो सरकला नाही. सरकली ती प्रयाग. खांद्याला खांदा लागला. दोघंही दाराकडं बघत होते. "दादा गेला तेव्हा," कल्याण म्हणाला, "मला आधी त्या सायकलींचं आठवलं. म्हणलं, त्या माणसाला सांगायला पाहिजे, येत नाय म्हणून. सख्खा भाऊ गेला अन् मला सायकल आठवली. कुणाला सांगायचं हे?" प्रयाग म्हणाली, "मी बोटीतून मागं बघत होते." तो म्हणाला, "मला माहीत हाय." तिनं झटकन त्याच्याकडं बघितलं. तो बोटीत डोकं गुडघ्यात घालून बसला होता, त्याला कसं माहीत? पण तिनं विचारलं नाही. डोळे पुसले, पदरानं, आणि लाज वाटली नाही.

अकराच्या सुमारास लाल दिवा विझला. डॉक्टर बाहेर आला, मास्क गळ्यात लोंबत होता. सोसलं म्हणाला. आजी काटक आहेत. दोन दिवस जपायचं, मग बघू, पण सोसलं. कल्याणनं दोन्ही हात जोडले आणि जोडलेले तसेच धरून उभा राहिला, डॉक्टर जिना उतरून गेला तरी.

केरबाचा फोन दुपारी आला. कल्याणनं तो उचलला आणि प्रयागलाही ऐकू यावं म्हणून मोठा केला. वारा, मग पोराचा आवाज. "काका, पोचलो नीलला. सगळे बरे ना? आजी बरी हाय?" कल्याणनं प्रयागकडं बघितलं. "बरी हाय," तो म्हणाला, आणि आज ते खोटं नव्हतं. "तुमचं कसं चाललंय?" "काका, खरं सांगू का? इथं कायच नाय हो! दोन तासांत बघून झालं सगळं. शिवकन्या म्हणतीय, हॅवलॉकलाच परत जाऊ, तिथं बोटीची मजा राहिलीय. काकूनं ही एक्स्ट्रा रात्र उगंच घ्यायला लावली." मागून शिवकन्येचं हसणं ऐकू आलं आणि "अहो, असं नका सांगू काकूंना!"

प्रयागला वाटलं रडू येतंय, पण ते हसू होतं. ती तोंड दाबून हसायला लागली, मग तिला ते आवरेना. कालपासूनची भीती, आत्याबाईंचा तो हाडांचा हात, सगळं त्या हसण्यात कुठंतरी हलत होतं. एक नर्स वळून बघून गेली. "जा बाबा, जा हॅवलॉकला," कल्याण फोनमध्ये म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा. जिथं वाटंल तिथं राहा." त्यानं फोन बंद केला आणि हसणाऱ्या बायकोकडं बघत राहिला. मग तोही हसला, आवाज न करता, खांदे हलवत. "कायच नाय म्हणतंय," तो म्हणाला. प्रयागनं नुसती मान हलवली.

मग दोघं तसेच बसून राहिले. बानाबाईला शुद्धीवर यायला वेळ होता, आत सोडत नव्हते. खिडकीतून गरम वारा येत होता, रस्त्यावर एसटीचा हॉर्न, कुणीतरी केळी विकत होतं. प्रयागच्या डोळ्यांवर झापड आली. आपलं डोकं कल्याणच्या खांद्यावर टेकतंय हे तिला कळलं, कंपनीच्या शर्टाला ग्रीसचा आणि घामाचा वास होता, आणि भर दिवसा, येत्या-जात्या माणसांत, असं बसणं बरं नव्हे हेही कळलं. कल्याणचं डोकंही हळूहळू कलत आलं आणि तिच्या केसांवर विसावलं. त्याचा श्वास जड झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यावर पावलं वाजली आणि डोळे न उघडताच प्रयागला कळलं, अक्का आली. ती चाल तिला अंधारातही ओळखता आली असती. गरम भाकरीचा वास आला, लसणाच्या चटणीचा. पावलं जवळ आली आणि थांबली. आता उठायला पाहिजे, प्रयागला वाटलं; थोरली जाऊ समोर उभी आहे, पदर सावरायला पाहिजे, नवऱ्याला उठवायला पाहिजे. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसल्याचा आवाज झाला. डबा खाली ठेवला गेला, फार हलक्या हातानं, स्टीलचा स्टीलला आवाज होऊ न देता. कुणीतरी येऊन विचारलं, "बानाबाईंचे नातेवाईक कोण?" आणि अक्काचा आवाज आला, दबलेला:

"मी हाय. मला सांगा. अन् हळू बोला जरा, निजलेत ती दोघं."

प्रयाग उठली नाही.